ट्रॅव्हल ट्रेलर घेण्यापूर्वी

उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, मुले शाळकरी वयाची झाली, घराचे हप्ते अंगवळणी पडले आणि सुट्टीतील हॉटेलांचा कंटाळा येऊ लागला, म्हणजे केव्हातरी ट्रॅव्हल ट्रेलर घेण्याचा विषय निघतो. आणि बहुधा त्याचा निकालही एखाद्या सुट्टीच्या दिवशी विक्रेत्याच्या आवारात, दहा-वीस ट्रेलरांत डोकावून त्यांपैकी एखाद्याच्या सुबक मांडणीवर घरच्या मंडळींचे मन बसल्याबरोबर तिथल्या तिथे लागतो. या रीतीत दोष एवढाच, की तीत प्रश्नांचा क्रम उलटा होतो. जी बाब सर्वांत शेवटी पाहावयाची ती आधी पाहिली जाते, आणि आपल्या गाडीला हा बोजा पेलवेल काय, हा ज्यावर बाकी सर्व अवलंबून आहे तो प्रश्न करारावर सही झाल्यानंतर पुढे येतो. तो क्रम सुलटा लावून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तूची निश्चिती. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीच्या मागील हुकाला जोडून ओढावयाचे, निजण्याची, स्वयंपाकाची व बहुधा शौचालयाची सोय असलेले चाकांवरचे घर. ज्याचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या हौद्यात बसतो तो ‘फिफ्थ व्हील’ निराळा, आणि ज्यात चालक व निवास एकाच सांगाड्यावर असतात ती मोटरहोम निराळी. ट्रेलरचा मोठा लाभ असा, की मुक्कामी तो सोडून ठेवून मोटार मोकळी करता येते व दिवसभर हिंडता येते. शिवाय त्याला इंजिन नसल्यामुळे इंजिनाची निगा राखण्याचे प्रयोजन उरत नाही. मात्र चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास बहुतेक राज्यांत मनाई आहे. भारतातून आलेले आई-वडील प्रवासात मागे पलंगावर पडून राहतील, अशी कल्पना कोणी केली असेल तर ती आताच सोडून द्यावी. सर्वांची बसण्याची सोय मोटारीतच झाली पाहिजे, आणि मोटारीतील या माणसांचेच वजन पुढील हिशेबात फार महत्त्वाचे ठरते.

भाराचा हिशेब

मोटारीच्या जाहिरातीत ती किती पौंड ओढू शकते याचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि विक्रेताही तोच आकडा पुढे करतो. हा आकडा खोटा नसतो. परंतु तो गाडीत जवळजवळ कोणी व काही नाही असे धरून काढलेला असल्यामुळे कुटुंबवत्सल माणसाच्या उपयोगाचा नसतो. आपल्या उपयोगाचा आकडा चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. माणसे व सामान मिळून किती वजनापलीकडे जाऊ नये, हे त्या पट्टीवर विशिष्ट त्याच गाडीपुरते नमूद केलेले असते. ट्रेलरचा पुढचा दांडा हुकावर जो भार टाकतो, ज्याला या व्यवहारात ‘टंग वेट’ म्हणतात, तो या मर्यादेत मोजावा लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आणि हा भार भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, कारण तो १० टक्क्यांखाली गेल्यास वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो व प्रसंगी मोटारीलाही सोबत घेऊन उलटतो.

उदाहरणादाखल, एका पिकअपच्या पट्टीवर १५०० पौंडांची मर्यादा आहे असे धरू. चालकासह चौघांचे कुटुंब ६०० पौंडांचे, भार वाटणारी हिच ८० पौंडांची, आणि मागच्या हौद्यातील सायकली, जनरेटर व हत्यारे मिळून १५० पौंडांची. ही वजावट केल्यावर हुकावर घेण्यास ६७० पौंड उरतात. टंग वेट १३ टक्के धरल्यास एवढ्यात सुमारे ५१५० पौंडांचा भरलेला ट्रेलर बसतो. त्याच पिकअपच्या जाहिरातीत ९००० पौंडांचे आश्वासन असेल, तरी या कुटुंबाने ५००० पौंडांच्या वरचा ट्रेलर पाहावयासही जाऊ नये. ज्यांच्याकडे सिएना किंवा ओडिसीसारखी मिनीव्हॅन आहे, त्यांची ओढण्याची मर्यादा मुळातच ३५०० पौंडांच्या आसपास असते. त्यांनी घडीचा तंबूवजा ट्रेलर, टिअरड्रॉप किंवा लहान फायबरग्लासचा ट्रेलर यांपलीकडे नजर टाकण्यात अर्थ नाही.

ट्रेलरच्या बाजूनेही अशीच एक दिशाभूल संभवते. माहितीपत्रकात जे कोरडे वजन दिलेले असते त्यात पाणी नसते, सामान नसते, आणि पुष्कळदा बॅटरी व विक्रेत्याने मागाहून बसवलेल्या सोयीही नसतात. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचे, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड एका क्षणात वाढतात. भांडी, अंथरुणे, धान्य, खुर्च्या हे सर्व त्यावर. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या पूर्ण भारमर्यादेवर, म्हणजे त्याच्या पट्टीवर ‘जीव्हीडब्ल्यूआर’ या नावाने लिहिलेल्या आकड्यावर, करावा. दाराजवळच्या दुसऱ्या पट्टीवर सामानासाठी किती पौंड शिल्लक आहेत हे लिहिलेले असते. दिसण्यात प्रशस्त असूनही जेमतेम ७०० पौंडांची मुभा देणारे ट्रेलर बाजारात आहेत, आणि टाकी भरल्यावर त्यांत चौघांचा आठवड्याचा संसार कायदेशीरपणे मावत नाही. खरेदीनंतर मोटार व भरलेला ट्रेलर महामार्गावरील ट्रकथांब्याच्या वजनकाट्यावर एकवार नेऊन या सर्व आकड्यांची खातरजमा करावी. त्यास फी अल्प पडते.

जोडणी आणि ब्रेक

ट्रेलरच्या किमतीत जोडणीचे साहित्य सहसा धरलेले नसते, म्हणून त्याची तजवीज अंदाजपत्रकात आधीच करावी. हुकावरील गोळा दोन इंचांचा की २ ५/१६ इंचांचा, हे ट्रेलरच्या दांड्यावर कोरलेले असते व त्यात तडजोड चालत नाही. मध्यम व मोठ्या ट्रेलरना, मागील चाकांवर पडलेला भार काही अंशी पुढील चाकांकडे व काही अंशी ट्रेलरच्या आसाकडे वळवणारी हिच घ्यावी, आणि तीत हेलकावे रोखण्याची व्यवस्था असावी. तथापि अशा हिचमुळे मोटारीची मूळ मर्यादा वाढते, असे जो कोणी सांगेल त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नये.

ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, व ते चालवणारे नियंत्रक यंत्र मोटारीत बसवावे लागते. ३००० पौंडांवरील ट्रेलरला ब्रेक असणे पुष्कळ राज्यांत सक्तीचे आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ही मर्यादा याहून खाली आहे. त्याच राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनास ताशी ५५ मैलांचे बंधन आहे, आणि ट्रेलरच्या टायरांची घडण पाहता हा वेग इतरत्रही आपण होऊन पाळण्याजोगा आहे.

लांबी आणि रस्ते

किती फुटांचा ट्रेलर घ्यावा, याचे उत्तर आपण कोठे जाणार यावर अवलंबून आहे. राष्ट्रीय उद्यानांतील पुष्कळ तळ १९३० च्या दशकात, त्या काळच्या लहान गाड्या व तंबू नजरेपुढे ठेवून आखले गेले. तेथील वळणे अरुंद आणि जागा आखूड असल्याने २५ फुटांच्या आतील ट्रेलरला जी मोकळीक मिळते ती ३२ फुटांच्या ट्रेलरला मिळत नाही. खाजगी तळांवर मात्र लांब ट्रेलरलाही वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी सहज मिळते. तेव्हा रानावनाची ओढ असलेल्यांनी आखूड ट्रेलरकडे, व एकाच ठिकाणी आठ-पंधरा दिवस राहू इच्छिणाऱ्यांनी लांब ट्रेलरकडे वळावे. ट्रेलरच्या नावातील आकडा अनेकदा केवळ आतल्या खोलीची लांबी सांगतो. पुढील दांडा व मागील बंपर धरून एकूण लांबी तीन-चार फुटांनी अधिक भरते, आणि तळाचा व्यवस्थापक विचारतो ती हीच एकूण लांबी.

रस्त्यांचेही काही निर्बंध ध्यानात ठेवावेत. मोंटॅनातील ग्लेशियर उद्यानाच्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या अॅव्हलांच ते रायझिंग सन या डोंगरी टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनास, मोटार व ट्रेलर एकत्र मोजून, प्रवेश नाही. म्हणजे व्यवहारतः ट्रेलर खाली तळावर ठेवूनच वर जावे लागते. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर व कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरना बंदी आहे, आणि बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांतून ट्रेलरवरील प्रोपेनच्या टाक्या नेऊ देत नाहीत. न्यूजर्सी-मेरीलँडकडील आपल्या मंडळींना ही माहिती ट्रेलर निवडताना नव्हे, तरी त्याच्या पहिल्या प्रवासास निघताना अवश्य लागेल.

भिंती, छप्पर आणि पाणी

अमेरिकेतील बहुसंख्य ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व त्याच्या आसपासच्या परगण्यांत तयार होतात, आणि त्यांवरील अनेक नावे मोजक्याच मालकांची आहेत. जेको ही कंपनी २०१६ पासून थॉर इंडस्ट्रीजकडे आहे, एअरस्ट्रीमही थॉरचीच. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून बर्कशायर हॅथवेच्या छत्राखाली आहे, तर ग्रँड डिझाइन २०१६ मध्ये विनेबेगोने घेतली. म्हणून नुसत्या नावावर न भुलता ट्रेलर बांधला कसा आहे हे पाहणे इष्ट.

बांधणीचे ठळक प्रकार चार. लाकडी चौकटीवर नालीदार अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला प्रकार स्वस्त, आणि पत्रा काढून दुरुस्तीस सोपा. पण पाणी आत गेल्यास लाकूड गुपचूप कुजते. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर फायबरग्लासचे थर चिकटवून केलेल्या भिंती गुळगुळीत व हलक्या असतात. परंतु पाणी शिरल्यावर थर सुटून फुगवटे येतात, आणि ही दुरुस्ती कित्येकदा जुन्या ट्रेलरच्या किमतीहून महाग पडते. साच्यातून काढलेली फायबरग्लासची दोन कवचे मधोमध जोडून केलेला तिसरा प्रकार, ज्याची परंपरा १९६८ मध्ये विनिपेग येथे सुरू झालेल्या बोलरपासून आजच्या स्कॅम्प व कसिटापर्यंत येते, तो लहान असला तरी सांधे कमी असल्याने गळतीस कमी वाव देतो व पुनर्विक्रीत किंमत टिकवून धरतो. चौथा प्रकार एअरस्ट्रीमचा, विमानाच्या धर्तीवर अॅल्युमिनियमचे पत्रे रिवेटांनी जोडलेला. तो टिकाऊ खरा, पण किंमत ऐकून बहुतेकांचा प्रश्न तेथेच निकालात निघतो.

प्रकार कोणताही असो, ट्रेलरचा खरा शत्रू पाणी होय. छपरावरील झरोके, नळ्या व कडा जेथे जेथे छपराला छेदतात तेथे लावलेले सीलंट ऊन व थंडीने भेगाळते. ते दर दोन-तीन महिन्यांनी शिडी लावून तपासणे आणि भेगा तत्काळ बुजवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, व ज्याला ही शिस्त झेपणार नाही त्याने ट्रेलर विकत न घेता भाड्यानेच वापरावा. भिंतीचा भाग बाहेर सरकवून खोली रुंद करणाऱ्या ‘स्लाइड-आउट’मुळे मुक्कामी ऐसपैस वाटते, पण त्यासोबत वजन, यंत्रणा आणि गळतीची आणखी एक जागा वाढते. पावसाळी दिवस तिघाचौघांनी आत काढायचे असतील तर एक स्लाइड समर्थनीय आहे. दोन-तीन घेण्यापूर्वी भाराचा हिशेब पुन्हा एकदा मांडावा.

आतील व्यवस्था

आठ जण निजू शकतात, या दाव्यात जेवणाचे टेबल पाडून केलेला पलंग धरलेला असतो. तो रोज रात्री घालणे आणि रोज सकाळी मोडणे कोणाच्या वाट्याला येईल, हे घरात आधी ठरवावे. मुलांसाठी कायमच्या दुमजली खाटा असलेली मांडणी सोयीची. सासू-सासरे किंवा आई-वडील उन्हाळ्यात येणार असतील, तर दाराच्या पायऱ्यांची उंची, पकडावयाचा दांडा, आणि रात्री उठून कोणालाही न ओलांडता शौचालयात जाता येते की नाही, या तीन गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात. कोपऱ्यात ढकललेल्या पलंगावर भिंतीकडच्या माणसास ती सोय राहत नाही.

स्वयंपाकघर पाहताना आपल्या स्वयंपाकाचा विचार करावा, कारण ते ज्यांच्यासाठी बनवलेले असते त्यांच्या आहारात फोडणी नसते. शेगडीवरील पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती फिरवून आतच सोडतो, हे विचारावे; आतच सोडत असेल तर हिंग-मोहरीचा वास पडद्यांत व गाद्यांत मुक्काम करतो आणि धुराचा गजर दर जेवणाला वाजतो. शेगडी व वरच्या कपाटाच्या मध्ये आपला कुकर शिट्टीसकट मावतो काय, हे घरून कुकर नेऊन पाहण्यात संकोच बाळगू नये. पुष्कळ अनुभवी कुटुंबे तळण व फोडणी बाहेर सुट्या शेगडीवर करतात. तसा बेत असल्यास बाहेरील गॅसजोडणी आहे का, ते पाहावे.

विजेचा प्रश्नही येथेच येतो. ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टला ३६०० वॅट देते. वातानुकूलन यंत्र सुमारे १५०० वॅट, मायक्रोवेव्ह तितकेच, व इन्स्टंट पॉट १००० वॅट घेऊ लागला की बेरीज ४००० वर जाते आणि जेवणाच्या ऐन वेळी वीज तुटते. ५० अँपिअरची जोडणी १२,००० वॅटपर्यंत देते. पण ती सहसा मोठ्या ट्रेलरनाच असते. राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक तळांवर जोडणीच नसते, आणि तेथे बॅटरीवर दिवे, पंखा व पाण्याचा पंप चालला तरी वातानुकूलन चालत नाही. शिशाच्या बॅटरीतील निम्मीच शक्ती वापरावी असा संकेत आहे. लिथियमची बॅटरी महाग असली तरी हलकी, व जवळजवळ पूर्ण वापरता येणारी आहे.

टाक्या तीन असतात: स्वच्छ पाण्याची, धुण्या-न्हाण्याच्या पाण्याची, आणि शौचालयाची. आपल्याकडील भांडी घासण्याच्या सवयी पाहता दुसरी टाकी सर्वांत आधी भरते, म्हणून ती लहान असलेला ट्रेलर बिनाजोडणीच्या तळावर दोन दिवसांतच परतीची वाट धरावयास लावतो. मिनेसोटा-मिशिगनकडील वाचकांनी टाक्यांखालील भाग बंदिस्त व उबदार ठेवण्याची व्यवस्था आहे काय, हे पाहावे. ‘चारही ऋतूंसाठी’ ही पदवी प्रत्येक कारखानदार आपल्या मताने देतो, तिच्यावर विसंबू नये.

जुना की नवा

नवा ट्रेलर आवाराबाहेर पडताच त्याची किंमत झपाट्याने उतरते. तेव्हा चार-पाच वर्षे वापरलेला, छपराखाली ठेवलेला व नोंदी राखलेल्या मालकाकडील ट्रेलर हा सर्वसाधारण कुटुंबास अधिक किफायतशीर सौदा होय. मात्र तपासणी कसून करावी. छपरावर चढून सांधे पाहावेत. पलंगाखाली, कपाटांच्या कोपऱ्यांत व खिडक्यांखाली ओल मोजण्याचे यंत्र लावावे. दारापाशी व शौचालयाभोवती पायाने दाबून जमीन मऊ लागते काय ते पाहावे. आणि आत सुवासिक द्रव्यांचा भडिमार असेल तर तो कशावर पांघरूण घालत आहे हे विचारावे. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांवरील टायर बदलावयाचे समजून किमतीतून वजा करावेत. प्रोपेनवर चालणारा फ्रिज थंड होण्यास कित्येक तास लागतात, म्हणून विक्रेत्यास तो आदल्या दिवशीच सुरू करावयास सांगावे. दोन-चारशे डॉलर अधिक गेले तरी स्वतंत्र तपासनिसाचा अहवाल घेणे हिताचे.

पैसा आणि कागदपत्रे

छापील किंमत ही घासाघीस सुरू करण्याची जागा आहे, संपवण्याची नव्हे. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे दर सप्टेंबरात भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात अनेक मांडण्या एकाच दिवशी पाहता येतात. पण तेथे पाहून, घरी येऊन, भाराचा हिशेब मांडून मगच उत्तर द्यावे. हेमंत व शिशिरात मागणी कमी असल्याने विक्रेते अधिक नमतात. ट्रेलरवर पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज मिळते खरे. परंतु ट्रेलरची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरत असल्याने विकावयाची वेळ आल्यास पदरचे पैसे भरण्याचा प्रसंग येतो, सबब मुदत आखूड ठेवावी. निजणे, स्वयंपाक व शौचालय या तिन्ही सोयी असलेल्या ट्रेलरच्या कर्जावरील व्याजास दुसऱ्या घराप्रमाणे आयकरात सवलत मिळू शकते, हे आपल्या करसल्लागारास विचारून घ्यावे. विमा, हिवाळ्यातील निगा, व घरमालकांच्या संघटनेने अंगणात उभा करण्यास मनाई केली असल्यास मासिक जागाभाडे, हेही वार्षिक खर्चात मांडावे.

नव्या ट्रेलरची हमी सहसा एका वर्षाची असते, आणि सदोष मोटारींच्या ग्राहकास संरक्षण देणारे कायदे पुष्कळ राज्यांत ट्रेलरला लागू होत नाहीत किंवा अंशतःच होतात. दूरच्या राज्यात हजार डॉलर वाचवून घेतलेला ट्रेलर हमीच्या दुरुस्तीसाठी जवळचा विक्रेता रांगेत शेवटी ठेवतो, असा अनुभव पुष्कळांचा आहे. म्हणून फरक फार मोठा नसल्यास घराजवळच घ्यावा.

निवड एक-दोन ट्रेलरांवर आली की तेवढ्याच लांबीचा ट्रेलर भाड्याने घेऊन एक शनिवार-रविवार काढावा. मागे घेणे, वळवणे, टाकी रिकामी करणे यांचा कंटाळा आला नाही तरच पुढे जावे. ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक नळ, दिवा, शेगडी, पंखा व स्लाइड स्वतः चालवून पाहावे, उणिवा लेखी नोंदवून घ्याव्यात, आणि त्या दूर होईपर्यंत अखेरची रक्कम व सही दोन्ही राखून ठेवाव्यात. पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या अंतरावर, दोन रात्रींचा ठेवावा. कारण नव्या ट्रेलरमध्येही दोष निघतातच, आणि ते हमीच्या मुदतीत, विक्रेत्याच्या दाराशी असताना निघालेले बरे.